समुद्रावरचा एक दिवस आणि फॉर्मल नाइट : सिंगापूर–फुकेत क्रूझचे परीक्षण

सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझचे आरक्षण करायला पुण्यातल्या कोणत्याही ट्रॅव्हल एजंटकडे गेले, की तो आधी बंदरांचा तक्ता पुढे सरकवतो. पहिल्या दिवशी सिंगापूर, तिसऱ्या दिवशी फुकेत, मग पेनांग, असे सगळे सांगून होते. मधल्या दिवसासमोर मात्र नुसते ‘ॲट सी’ लिहिलेले असते आणि त्याबद्दल विचारले, तर ‘त्या दिवशी जहाजावरच आराम’ एवढ्यावर विषय संपतो. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही केलेल्या प्रवासात हाच दिवस सर्वांत भरगच्च निघाला, आणि कंपनीकडचा माल कुठे अस्सल आहे व कुठे नुसता सजवून ठेवलेला आहे, हेही त्याच दिवशी उमगले. म्हणून हे परीक्षण त्या एका दिवसापुरते आणि त्या संध्याकाळच्या फॉर्मल नाइटपुरते, म्हणजे नटूनथटून जेवायला जाण्याच्या रात्रीपुरते, मर्यादित ठेवले आहे. जहाज एका मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपनीचे होते. तिचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली आलेल्या बहुतेक पद्धती या वर्गातल्या जहाजांवर थोड्याफार फरकाने सारख्याच असतात. बरोबर माझे यजमान आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाई होत्या, आणि कार्तिकी एकादशी अजून व्हायची असल्यामुळे सासूबाईंचा चातुर्मास चालू होता, हे पुढच्या जेवणाच्या वर्णनासाठी आधीच सांगून ठेवते.

या दिवसाचे अर्थकारण समजल्याशिवाय त्याचे मोल ठरवता येत नाही. तिकिटाच्या पैशांत खोली, मुख्य डायनिंग रूममधले आणि बुफेचे जेवण, पोहण्याचे तलाव, नाट्यगृहातले कार्यक्रम आणि साधा चहा-कॉफी एवढे येते. दारू, शीतपेये, वेगळी उपाहारगृहे, वाय-फाय, स्पा, फोटो, दुकाने आणि कॅसिनो यांचे पैसे वेगळे पडतात. जहाज बंदरात उभे असताना दुकाने आणि कॅसिनो बंद ठेवावे लागतात आणि प्रवासीही शहरात पांगलेले असतात. त्यामुळे चार-साडेचार हजार माणसे दिवसभर एकाच छपराखाली सापडतात, तो समुद्रावरचा दिवस कंपनीच्या कमाईचा दिवस ठरतो. आदल्या रात्री खोलीत ठेवलेला कार्यक्रमाचा कागद हातात घेऊन पेन्सिलीने खुणा करत गेले, तर निम्म्याहून अधिक ओळी काही ना काही विकण्याच्या निघतात. ‘पाठदुखीवरचे मोफत व्याख्यान’ स्पावाल्यांचे असते, ‘रत्नांची ओळख’ दागिन्यांच्या दुकानाची असते, आणि चित्रांच्या लिलावाला येणाऱ्याच्या हाती प्रवेशद्वारातच फेसाळ वाइनचा पेला दिला जातो. या ओळी खोडून उरतात त्या खरोखर फुकट आणि बहुतेक वेळा चांगल्या असतात. नृत्याचा वर्ग, प्रश्नमंजूषा, भटारखान्याची फेरी आणि दुपारचा चहा हे सगळे याच उरलेल्या ओळींतले. आम्ही ही पेन्सिलीची पद्धत सकाळी साडेसातलाच वापरली आणि दिवस हाती राहिला.

खोली निवडताना कोणी सांगत नाही अशी एक गोष्ट येथे नोंदवते. सिंगापूरहून फुकेतकडे जाताना जहाज मलाक्काच्या सामुद्रधुनीतून वायव्येकडे सरकत असते. हा सुमारे ८०० किलोमीटर लांबीचा, एका बाजूला सुमात्रा आणि दुसऱ्या बाजूला मलेशिया असलेला पट्टा जगातल्या सर्वांत वर्दळीच्या जलमार्गांपैकी एक आहे आणि त्याच्या दक्षिणेकडच्या अरुंद भागात जहाजांसाठी जाण्या-येण्याच्या वेगळ्या मार्गिका आखलेल्या आहेत. समुद्रावर उजवीकडून चालण्याचा नियम असल्यामुळे समोरून येणारी सगळी वाहतूक डाव्या बाजूने जाते. डाव्या बाजूची बाल्कनी घेतली, तर सकाळभर तेलाचे टँकर आणि कंटेनरची जहाजे एकामागोमाग एक दिसत राहतात आणि संध्याकाळचा सूर्यास्तही त्याच बाजूला होतो. उजव्या बाजूला पहिल्या रात्री मलेशियाच्या किनाऱ्यावरचे दिवे दिसतात, पण दुसऱ्या दिवशी सामुद्रधुनी रुंदावते आणि मग तिकडे पाण्याशिवाय काही राहत नाही. दोन्ही बाजूंचे भाडे सारखेच असते. आमची खोली डाव्या बाजूला, मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर होती. वयस्कर माणसे बरोबर असतील, तर वरच्या मजल्यांचा मोह टाळावा, कारण हेलकावे वर गेले की जास्त जाणवतात आणि जहाजाच्या मध्यावर सर्वांत कमी जाणवतात. सुमात्राच्या आडोशामुळे हा समुद्र एरवीही शांत असतो. जहाजाच्या दोन्ही अंगांना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात आणि ते डावी-उजवीकडचे डोलणे बरेच आटोक्यात ठेवतात. सासूबाईंनी पुण्याहून आणलेल्या आवळा सुपारीचा डबा उघडावा लागला नाही.

सकाळ पावसात गेली. या भागात एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत पहाटेच्या सुमाराला सुमात्राच्या बाजूने वादळी पावसाचे पट्टे येतात आणि तास-दोन तासांत निघून जातात; खलाशी त्यांना ‘सुमात्रा’ असेच म्हणतात. पाऊस थांबताच डेक पुसून कोरडा करायला दहा-बारा माणसे रबरी फळ्या घेऊन धावली, आणि त्यांचे काम संपण्याच्या आतच तलावाभोवतीच्या खुर्च्यांवर टॉवेल, चपला आणि पुस्तके टाकून जागा धरल्या गेल्या. अर्ध्या तासाहून अधिक वेळ रिकाम्या राहिलेल्या खुर्चीवरचे सामान कर्मचारी उचलतील, अशी पाटी तेथेच लावलेली आहे. प्रत्यक्षात कोणी कशालाही हात लावताना दिसले नाही. जागा धरणाऱ्यांत आपले लोक मागे नव्हते, हेही लिहिले पाहिजे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्याचा सराव असा कुठेही कामाला येतो. तलावाचा नाद सोडून आम्ही चौथ्या मजल्यावरच्या बाहेरच्या मार्गिकेवर गेलो. जहाजाला पूर्ण वळसा घालणारी ही लाकडी वाट पाण्याच्या बरीच जवळ असते, वर लटकवलेल्या जीवरक्षक नौकांची सावली तिच्यावर पडते, आणि सकाळी दहा वाजता तेथे मोजकीच माणसे होती. दिवसातला सर्वांत चांगला तास या वाटेवर गेला आणि त्यासाठी एक पैसा पडला नाही.

बाराच्या सुमारास कॅप्टनने ध्वनिक्षेपकावरून जहाजाचे स्थान, वेग, वारा आणि पाण्याची खोली सांगितली. वेग नॉटमध्ये सांगतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणजे आमचे १६ नॉट हे लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीपेक्षा जास्त आणि द्रुतगती मार्गापेक्षा पुष्कळच कमी, ताशी ३० किलोमीटरच्या आत होते. ही घोषणा मला आवडली. तिच्यापाठोपाठ कार्यक्रम-संचालकाने बिंगो, घड्याळांचा सेल आणि लिलाव यांच्या ज्या घोषणा सुरू केल्या, त्या संध्याकाळपर्यंत थांबल्या नाहीत.

दुपारच्या जेवणाबाबत एकच सूचना पुरे. समुद्रावरच्या दिवशी बहुतेक प्रवासी वरच्या मजल्यावरच्या बुफेकडे धाव घेतात आणि साडेबारा ते दोन या वेळात तेथे ताट हातात घेऊन जागा शोधत फिरावे लागते. त्याच वेळी खालची मुख्य डायनिंग रूम दुपारच्या जेवणासाठी उघडी असते. बंदराच्या दिवशी ती बहुधा बंद असल्यामुळे हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही. आम्ही तेथे पांढऱ्या टेबलक्लॉथवर, खिडकीशेजारी, बसल्या जागी वाढलेले जेवलो आणि निम्मी टेबले रिकामी होती. पदार्थ तेच, पैसे तेच.

दुपारचा चहा हा मात्र वेगळ्या परिच्छेदाचा विषय आहे. साडेतीनला पांढरे हातमोजे घातलेले वेटर तीन मजली तबकांतून काकडीची सँडविचे, स्कोन आणि छोटे केक घेऊन फिरतात आणि कोपऱ्यात एक बाई व्हायोलिन वाजवत असते. खाण्याचे पदार्थ उत्तम होते. स्कोन गरम होते आणि सँडविचच्या कडा ओलसर ठेवलेल्या होत्या. चहाने निराशा केली. किटलीत कोमट म्हणावे असे पाणी, त्यात सोडायला चहाची पुडी आणि बाजूला थंड दूध, एवढ्या भांडवलावर पुणेकराच्या चारच्या चहाची सोय होत नाही. उकळलेला चहा बुफेतल्या भारतीय काउंटरवर मिळतो, तोही फक्त सकाळी. १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतलेल्यांची नावे गोपाळराव जोशांनी प्रसिद्धीला दिली आणि लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यासकट सगळ्यांवर पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, उभे राहिले. त्या चहावर प्रायश्चित्तापर्यंत वेळ गेली. हा चहा त्या योग्यतेचा नव्हता, असे सासूबाईंचे मत पडले. त्याच गोपाळरावांच्या पत्नी आनंदीबाई १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला गेल्या होत्या, जेव्हा समुद्रपर्यटन हाच गुन्हा मानला जात होता, आणि बोटीवर काय खायचे हा प्रश्न तेव्हाही होता. आज तो प्रश्न एका छापील फॉर्मने सुटतो, पण कसा सुटतो ते पुढे येईलच.

आता फॉर्मल नाइटकडे वळते. लांब पल्ल्याच्या बोटींवर वरच्या वर्गातल्या प्रवाशांनी रात्रीच्या जेवणासाठी पोशाख बदलून येण्याची जुनी रीत होती, आणि पहिल्या व शेवटच्या रात्री त्यातून सूट असे, कारण पहिल्या रात्री पेट्या उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री त्या बांधलेल्या असत. आजच्या चार-पाच रात्रींच्या क्रूझवर त्या रीतीतली एकच रात्र शिल्लक राहिली आहे आणि ती बहुधा समुद्रावरच्या दिवशी येते. काळा टक्सिडो सक्तीचा नसतो. सूट-टाय चालतो, आणि ‘राष्ट्रीय पोशाख’ चालतो असे नियमातच लिहिलेले असल्यामुळे भारतीयांची मोठी सोय होते. साडी, बंदगळा, चुडीदार-झब्बा आणि त्यावर जाकीट, हे सगळे या नियमात बसते. हाफ पँट आणि रबरी चपला घालून मुख्य डायनिंग रूममध्ये घेत नाहीत. ज्यांना नटण्याचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी बुफे उघडा असतो आणि तेथे कोणी विचारत नाही. आमच्या यजमानांनी भाचीच्या लग्नात शिवलेला बंदगळा आणला होता. त्यासाठी भाड्याने सूट घेण्याची जी सोय जहाजावर आहे, तिच्या वाटेला जाण्याचे काही कारण नाही.

खरी अडचण इस्त्रीची आहे. आगीच्या भीतीमुळे खोलीत इस्त्री वापरायला बंदी असते, चढतानाच सामानात सापडली तर काढून घेतात, आणि या जहाजावर प्रवाशांसाठी इस्त्रीची खोलीही नव्हती. म्हणजे प्रेसिंगसाठी कपडे लाँड्रीतच द्यावे लागतात. लाँड्रीच्या छापील फॉर्मवर शर्ट, पँट, स्कर्ट, ड्रेस आणि गाउन होते, साडी नव्हती. ज्या जहाजावर एवढे भारतीय प्रवासी असतात, त्याच्या फॉर्मवर साडीची ओळ असू नये, हे आश्चर्यच आहे. खोलीच्या कर्मचाऱ्याने थोडा विचार करून ‘लाँग गाउन’समोर खूण केली आणि यादीतला सर्वांत महाग दर लागला. सहाला परत आलेली पैठणी गाउनसारखीच हँगरवर अडकवलेली होती. साडेपाच मीटरचे कापड निम्म्यात दुमडून, वर प्लास्टिकची पिशवी चढवून आणली होती, आणि पदरावरच्या मोरांच्या बरोबर मानेवरून एक धारदार आडवी घडी इस्त्रीने पक्की बसवली होती. जरीवर अशी घडी बसली, की ती सहजासहजी जात नाही. तक्रार केल्यावर पैसे परत मिळाले, दिलगिरीही मिळाली, पण घडी पुण्यापर्यंत आमच्याबरोबर आली. कोणाला पैठणी न्यायचीच असेल, तर निघण्यापूर्वी रोल पॉलिश करून ती पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून न्यावी आणि जहाजावर कोणाच्याही हाती देऊ नये. नाहीतर चुरगळत नाही अशी हलकी सॉफ्ट सिल्क न्यावी. बंदगळ्याचे प्रेसिंग मात्र निर्दोष झाले होते, कारण त्याची ओळख त्यांच्या फॉर्मला ‘जॅकेट’ म्हणून होती.

जेवणाच्या दोन पंगती असतात, एक पावणेसहाची आणि दुसरी सव्वाआठची. पावणेसहाच्या पंगतीत बसणाऱ्यांचा सूर्यास्त हुकतो, कारण या दिवसांत तो जहाजाच्या घड्याळाप्रमाणे सातच्या सुमारास होतो. शिवाय आपल्याकडे ती वेळ जेवणाची नव्हे. आरक्षणाच्या वेळीच दुसरी पंगत मागून घ्यावी. नंतर बदल मिळणे कठीण जाते. दोन पंगतींच्या मध्ये, पावणेआठला, जहाजाच्या मधल्या तीन मजली दालनात कॅप्टनचे स्वागत होते. जिन्याच्या पायऱ्यांवर अधिकारी ओळीने उभे राहतात, प्रत्येकाची ओळख करून दिली जाते, पेल्यांच्या मनोऱ्यावर वरून वाइन ओतली जाते आणि उभ्या असलेल्या सगळ्यांना एक पेला फुकट मिळतो. सोहळा वीस मिनिटांत आटोपतो. कॅप्टन थोडे बोलला, विनोद एकच केला, तोही बरा होता. मला त्यापेक्षा भोवतालची माणसे पाहण्यात जास्त रस वाटला. चिनी कुटुंबातल्या तीन पिढ्या लाल रेशमात आल्या होत्या, मलेशियातल्या काही बायका बाटिकच्या लांब पेहरावात होत्या, चेन्नईकडचे एक आजोबा कडक इस्त्रीच्या वेष्टीत होते (त्यांनी ती कुठे करून घेतली हे विचारायचे राहिले), आणि खुद्द सूट-टायवाले संख्येने कमीच होते. सक्ती नसताना लोक एवढ्या हौसेने नटून येतात, यातच या संध्याकाळचे यश आहे, आणि त्यात कंपनीचा खर्च जवळजवळ शून्य आहे.

जेवणाच्या बाबतीत मात्र कंपनीने हात आखडता घेतलेला नाही. सहा जणांच्या टेबलासाठी एक वेटर आणि एक साहाय्यक ठरलेले असतात आणि प्रवासभर तेच राहतात. आमचा वेटर मालवणकडचा होता, साहाय्यक बालीचा. भारतीय खलाशांत आणि क्रूझच्या कर्मचाऱ्यांत गोवा-कोकणची माणसे पूर्वीपासून आहेत, त्यामुळे मराठी कानावर पडणे ही अपूर्वाई नव्हे, तरी सासूबाईंचा चेहरा त्या एका ‘आजी, या बसा’ने खुलला. त्यांच्या जेवणाची गोष्ट अशी, की आरक्षणाच्या फॉर्मवर ‘भारतीय शाकाहारी’ आणि ‘जैन’ असे दोनच पर्याय होते. कांदा-लसूण टाळायचा म्हणून आम्ही ‘जैन’ लिहिले, आणि पहिल्या रात्री कांदा-लसणाबरोबर बटाटाही गायब झाला. जहाजाच्या दृष्टीने ते बरोबरच होते. चातुर्मासात बटाटा चालतो, कांदा चालत नाही, हे आमच्या मालवणच्या वेटरने हेड वेटरला समजावून सांगितले; हेड वेटरने ते वहीत टिपून घेतले आणि समुद्रावरच्या दिवशी रात्री सासूबाईंपुढे जिऱ्याची फोडणी दिलेली बटाट्याची भाजी, मुगाचे वरण, भात आणि फुलके आले. फुलके जाडसर होते, पण गरम होते. हे जेवण आदल्या रात्री सांगावे लागते. ऐन वेळी मागितले तर चाळीस मिनिटे लागतात. बाकीच्या शाकाहारी लोकांसाठी मेन्यूवर अळंबीचे सूप, रिसोटो आणि पनीरची एक भाजी होती. रिसोटो आमच्या टेबलावरच्या एका बाईंनी अर्धा टाकला, कारण तो त्यांना कच्चा लागला. आम्ही तो चाखला नाही.

फॉर्मल नाइटच्या मेन्यूतली मिरवण्याची वस्तू म्हणजे लॉब्स्टर, आपल्या कोकणातली शेवंड. एक शेपटी तिकिटात येते, दुसरी हवी असेल तर वेगळे पैसे. दिसायला ती सुरेख होती: कवच उभे चिरून मांस वर काढलेले, वर लोणी आणि लाल तिखटाची पखरण, शेजारी लिंबाची फोड तलम कापडात बांधून दिलेली, म्हणजे बी ताटात पडू नये. चव मात्र दिसण्याच्या मागे राहिली. शेकडो ताटे एकाच वेळी बाहेर पडायची असल्यामुळे मांस जरा जास्त शिजून चिवट झाले होते आणि लोण्याखाली मिठाशिवाय दुसरे काही हाती लागत नव्हते. आमच्या मालवणच्या माणसाने तोंडाने काही म्हटले नाही. यजमानांनी मागवताना त्याने फक्त पेन्सिल थांबवून ‘साहेब, आज मासाही चांगला आहे’ असे सांगितले. मी मासा घेतला आणि तो खरोखरच चांगला होता, कातडी कुरकुरीत आणि आतून रसाळ. वेटर काय सुचवतो याकडे लक्ष द्यावे. भटारखान्यातून आज काय कसे निघते आहे हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट मेन्यूवर नव्हती. मुख्य पदार्थ उचलल्यावर बालीच्या मुलाने खिशातून पितळेची एक पन्हळीसारखी पट्टी काढली, डावा हात पाठीमागे ठेवला आणि टेबलक्लॉथवरचे पावाचे कण प्रत्येकापुढून एकाच लयीत ओढून छोट्या तबकात घेतले. माझ्यापुढे सोलकढीच्या रंगाचा एक डाग पडला होता, बीटाच्या सॅलडचा. त्याने त्याच्यावर दुमडलेला रुमाल असा ठेवला, की तो तेथे मुद्दाम ठेवल्यासारखा वाटावा. एका पंगतीत दोन हजारांवर माणसे जेवत असताना ही निगुती टिकवणे सोपे नाही. नंतर दिवे मंद करून वेटरांची मिरवणूक निघाली, बेक्ड अलास्का नावाचे, आतून आइस्क्रीम आणि वरून भाजलेला अंड्याचा फेस असलेले गोड डोक्यावर घेऊन, आणि सगळ्यांनी रुमाल फिरवले. तो प्रकार लग्नातल्या बँडच्या अंगाने जाणारा होता. गोड फार गोड होते.

सकाळपासून चाललेल्या विक्रीचा कळस फोटोंवर होतो. डायनिंग रूमच्या वाटेवर, जिन्यात आणि लिफ्टसमोर पडदे उभारून छायाचित्रकार बसलेले असतात. मावळता सूर्य, पॅरिसचा रस्ता आणि टायटॅनिकची आठवण व्हावी असा जिना, हे पडद्यांवरचे विषय. टायटॅनिकचा जिना जहाजावर कोणाला सुचला असेल, असा प्रश्न मला पडला. फोटो काढून घ्यायला पैसे नसतात. छापील प्रत घ्यायची तर एकेका प्रतीला वीस डॉलरच्या वर मोजावे लागतात, आणि सगळ्या फोटोंचे ‘पॅकेज’ त्या मानाने स्वस्त वाटावे, हाच त्या दराचा हेतू असतो. पैठणीतल्या सासूबाईंना तीन पडद्यांसमोर बसवण्यात आले. चौथ्या मजल्यावरच्या बाहेरच्या वाटेवर, सूर्यास्ताच्या वेळी, मोबाइलवर काढलेला त्यांचा फोटो या तिन्हींपेक्षा सरस आला, आणि तेथे घडी पडलेला पदर खांद्यामागे गेला होता.

टिपबद्दल पुण्यात फार कुरकुर ऐकू येते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. मोठ्या कंपन्यांच्या जहाजांवर माणशी दररोज साधारण १६ ते २० डॉलर ग्रॅच्युइटी म्हणून खात्यावर आपोआप लावतात, आणि पेयांच्या बिलात वेगळे साधारण १८ ते २० टक्के चढतात. एजंट सांगत असलेल्या भाड्यात ही रक्कम धरली आहे की नाही, हे आरक्षणाच्या वेळीच लेखी विचारून घ्यावे. रकमेवर माझा आक्षेप नाही. सागरी कामगारांसाठीच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार सात दिवसांत कामाचे तास ७२ च्या वर जाऊ नयेत अशी मर्यादा आहे. ती मर्यादाच एवढी असेल, तर सहा-सहा, नऊ-नऊ महिन्यांच्या करारावर घरापासून दूर राहणाऱ्या या मुलांच्या श्रमाचा अंदाज यावा. सकाळी बुफेत अंडी तळणारा चेहरा रात्री आमच्या शेजारच्या टेबलावर वाढताना दिसला. आक्षेप आहे तो कंपनीने ही रक्कम भाड्यातच न मिळवता वेगळी दाखवण्याला, म्हणजे जाहिरातीतला आकडा लहान राहतो. आमच्या वेटरला आम्ही पाकिटातून वेगळे दिले, आणि त्याबरोबर सासूबाईंनी दिवाळीच्या चकल्यांचा उरलेला डबा दिला.

रात्री साडेदहाचा नाट्यगृहातला कार्यक्रम गाण्या-नाचाचा होता. आवाज मोठा, कलाकार मेहनती, संहिता नावापुरती. त्यानंतर घड्याळ एक तास मागे न्यायची घोषणा झाली, कारण थायलंडची वेळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. मोबाइलवर अवलंबून राहू नये. समुद्रात सिग्नल नसताना तो स्वतःहून कोणती वेळ दाखवेल याचा भरवसा नसतो. फुकेतला उतरण्याच्या वेळेचा गोंधळ झालेली काही मंडळी आम्हाला दुसऱ्या दिवशी भेटलीच. झोपण्यापूर्वी खोलीतल्या टीव्हीवर खाते उघडून पाहिले, तर आम्ही न घेतलेले फोटो-पॅकेज त्यात जमा केलेले होते. खाली गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर तेव्हा रांग नव्हती. तेथल्या मुलीने कागद पाहिला, रक्कम वजा केली आणि सुधारलेल्या खात्याची प्रत छापून दिली. हे काम समुद्रावरच्या दिवशी रात्रीच उरकून घ्यावे, कारण उतरण्याच्या सकाळी त्याच काउंटरसमोरची रांग लिफ्टपर्यंत आलेली असते आणि तोवर सामान खाली गेलेले असते.